उंबऱ्यापलीकडचा जिल्हा

६ जानेवारी

दादा,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं. मी नववीत शाळा सोडली तेव्हा ते पण तिथेच ठेवून आले. म्हणून सरळ लिहिते.

तुझा पत्ता मावशीने मिळवून दिला. मावशी म्हणजे गल्लीच्या टोकाची लाँड्रीवाली. मी आता तिच्याकडे इस्त्रीला असते. तिने तुझा फोन नंबर पण आणलाय, पण फोनवर माझं काय होतं तुला माहीतच आहे. लहानपणी दुकानात सुद्धा तू बोलायचास आणि मी तुझा शर्ट धरून मागे उभी. शाळेत मूग म्हणायचे मला, मूग गिळून बसते म्हणून. अजून तशीच आहे. कागदावर बरं पडतं, समोर तोंड नसतं कुणाचं.

बाबांना ऑक्टोबरात अर्धांगवायूचा झटका आला. कामावरच. बांधकामाच्या परांचीवर चढलेले नव्हते, खाली माल कालवत होते, म्हणून वाचले. उजवा हात गेल्यातच जमा. उजवा पाय ओढत ओढत थोडं चालतात. आणि बोलणं गेलं. म्हणजे एक शब्द उरलाय, "हो". भूक लागली का? हो. भूक नाही का? हो. चिडले की हो हो हो. मी मानेकडे बघते, मान बऱ्याचदा खरं सांगते. पण मान पण कधी कधी चुकते, मग ते स्वतःवरच चिडतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात.

डॉक्टर म्हणाले, बोलणं बरंचसं परत येऊ शकतं, पण रोज शिकवणारं माणूस पाहिजे, आणि ते या पहिल्या काही महिन्यांतच. उशीर झाला तर आहे तेवढ्यावरच राहतील. हे सगळं बाबांच्या समोर सांगितलं. बाबा म्हणाले, "हो."

मी दुकानात जाताना बाहेरून कडी लावून जाते. मला माहितीये हे बरोबर नाही. एकदा दुपारी आले तर बाथरूममध्ये पडलेले होते, नळ चालू. मला उचलवेनात. मावशी आली, तिने आणि मी मिळून उचललं. बाबा आपल्याला ठाऊक आहेत तेवढे जड नाहीत आता, पण पडलेलं माणूस वेगळंच जड असतं.

म्हणून मी मदत शोधायला लागले. हॉस्पिटलच्या खिडकीत म्हणाले, जिल्ह्याच्या मदत केंद्राला फोन लावा. लावला. आधी एक रेकॉर्ड केलेली बाई बोलते. आरोग्यासाठी एक दाबा, म्हाताऱ्या माणसांसाठी दोन, अपंगांसाठी तीन. बाबा कशात बसतात ते मला ठरवता येईना. मी सगळे दाबून बघितले. त्या बाईशी माझं छान जमतं, कारण ती माझं ऐकतच नाही. पण मग खरी बाई येते, "बोला," म्हणते, आणि मी फोन ठेवते. असं मी किती वेळा केलं ते विचारू नकोस.

एक दिवस मावशीने पकडलं. म्हणाली, "अगं, ती काय फोनमधून हात घालून चावणार आहे तुला?"

मी म्हटलं, "काय बोलू ते सुचत नाही."

"मला सुचतं. आण इकडे."

मग ती बोलली, वाफेचं मशीन चालू, त्यावर ओरडून. मी चादरीच्या घड्या घालत ऐकत होते. तिकडून कळलं ते असं. आपल्या जिल्ह्यात बोलणं शिकवणारी एकच बाई आहे, ती मोठ्या हॉस्पिटलात बसते आणि तिच्याकडे पुढच्या वर्षाचे नंबर चालू आहेत. घरी येऊन आंघोळ घालणारं, व्यायाम करून घेणारं माणूस तर आपल्याकडे नाहीच. शेजारच्या जिल्ह्यात दोन्ही आहे. आणि दोन्ही घरी येतात.

मावशी म्हणाली, "मग तिकडे नाव घाला ना."

"पत्ता कुठल्या जिल्ह्यातला आहे?"

"पत्ता इकडचा."

"मग नाही होणार हो ताई."

तेव्हा मावशी तिच्या सवयीने भांडायला उठली. "नाही कसं? अर्धं घर तर यांचं तिकडेच आहे!" ती नुसती बोलायची म्हणून बोलली. पण फोनवरची बाई हसली नाही. म्हणाली, "म्हणजे कसं?"

तुझी खोली, दादा. तू आठवीत असताना बाबांनी मागे वाढवली ती. तिथे हद्दीचा दगड होता, अक्षरं झिजलेली, आठवतो? दुसऱ्या कुणी तो सोडून पुढे-मागे बांधलं असतं. आपल्या बाबांना तो दगड फार आवडला. एवढा सरळ घडवलेला दगड वाया कशाला घालवायचा म्हणाले, आणि तुझ्या खोलीचा उंबरा केला त्याचा. जागचा हलवला सुद्धा नाही, भिंतच त्याच्यावर आणली. त्यामुळे उंबऱ्याच्या अलीकडे एक जिल्हा आणि पलीकडे दुसरा. तू रोज परजिल्ह्यात झोपायला जायचास.

फोनवरच्या बाईने कुणाला तरी विचारून येते म्हणून फोन धरायला लावला. मावशीने तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं केली. मग बाई आली आणि म्हणाली, हद्दीवर घर असेल तर रुग्णाचा बिछाना जिकडे तो जिल्हा. "ते झोपतात कुठे?"

बाबा पुढच्या खोलीत झोपतात. तुझी खोली तू गेल्यापासून बंद आहे. किल्ली त्यांच्या खिशात असते. शर्ट बदलला की आधी किल्ली बदलतात, डाव्या हाताने, मला हात लावू देत नाहीत. मी त्यांना विचारलं, खोली उघडू का. "हो" म्हणाले, आणि मान अशी हलवली की पुन्हा विचारायची सोय नाही.

खोली तुझी आहे म्हणून तुला विचारते. बाबांना तिथे झोपवू का?

लवकर कळव.

मूग

१९ जानेवारी

दादा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिटोरं. "खोली उघड. माझं सामान फेकून दे. त्यांना माझ्याबद्दल काही सांगू नकोस." फेकून द्यायला मी काय कचऱ्याची गाडी आहे का? बाबा कसे आहेत, एवढं तरी विचारायचंस.

तुझं काही फेकलेलं नाही. कपडे धुऊन इस्त्री करून ठेवलेत. आता धंदाच तो आहे माझा.

आणि एक सांगायचं राहिलं. खोली मी तुझं चिटोरं यायच्या आधीच उघडली होती. विचारलं खरं तुला, पण वाट बघण्याइतके दिवस नव्हते.

झालं असं की मावशी आली आणि बाबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "किल्ली द्या."

"हो," बाबा म्हणाले आणि खिसा दाबून धरला.

"हो काय हो! ही पोरगी वाळून चालली तुमच्यापायी. त्या खोलीत काय सोनं पुरलंय? देता का दार फोडू? फोडलं तर परत बसवणार कोण, तुम्ही?"

हे तिने बोलायला नको होतं. बाबांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. मग त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली भिरकावली. डाव्या हाताला नेम कुठला, त्यामुळे गेली ती थेट कपडे भिजवलेल्या बादलीत. मावशी म्हणाली, "बरं झालं, धुऊन निघाली."

आत सगळं तसंच आहे रे. धूळ मात्र बोटभर. आम्ही झाडून पुसून बिछाना घातला आणि बाबांना धरून नेलं. उंबऱ्याशी थांबले. बराच वेळ. मला वाटलं, आता परत फिरणार. पण पाय उचलला, चांगला उचलला, आणि आत आले. खाटेवर बसवलं तेव्हा त्यांना तुझी आठवण येत असेल असं मला वाटलं. मी रडायच्या बेतात होते. ते बघत होते खिडकीखालच्या भिंतीकडे. तिथे मोठा डाग पडलाय.

"ओ," ते म्हणाले. मला वाटलं, हो म्हणतायत.

"ओ... ओल."

दादा, तीन महिन्यांत पहिला शब्द, आणि तो काय, तर ओल! मी आणि मावशी बघतच राहिलो. मावशी म्हणाली, "घ्या. पोरंबाळं गेली बाजूला, गवंड्याला आधी भिंत दिसली." बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

त्यानंतर पुन्हा "हो"वरच आलेत. पण आता मला कळलंय की आत शब्द आहेत.

मूग

४ फेब्रुवारी

दादा,

आज मी स्वतः फोन केला. पलीकडच्या जिल्ह्याला. मावशी मुद्दाम दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली, आत आलीस तर बघ, असं मीच तिला बजावलं होतं. आधी काय बोलायचं ते मोठ्याने म्हणून बघितलं होतं, तरी आवाज फाटला. पण बोलले. नाव, वय, झटका कधी आला, चालतात का, खातात का, घरात कोण कोण. त्यांनी बरंच विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांच्या बाई घर बघायला येणार आहेत. बाबा खरंच तिथे झोपतात का ते बघायला, आणि बाबांशी बोलायला.

सगळं नीट झालं. काळजी करू नकोस. करत असशील तर.

मूग

२२ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र नीट वाच. शेवटपर्यंत वाच. मधेच चुरगाळू नकोस.

पलीकडच्या बाई काल येऊन गेल्या. साधी साडी, खांद्याला पिशवी, चपला दाराबाहेर काढून आल्या. मला वाटलं होतं कुणीतरी पोलिसासारखं येईल. त्यांनी दगड बघितला, वाकून हात फिरवला. "असा उंबरा मी नोकरीत पहिल्यांदा बघतेय," म्हणाल्या. मग खोलीत जाऊन बाबांच्या शेजारी खाटेवरच टेकल्या.

"आता मी यांच्याशी बोलणार. मध्ये कुणी बोलायचं नाही."

मावशी म्हणाली, "मी तर बोलतच नाहीये."

"आत्ता बोललात."

मावशीने तोंडावर बोट ठेवलं. मी दाराला टेकून उभी होते.

"काका, तुम्ही रात्री कुठे झोपता?"

"हो," बाबा म्हणाले.

"पुढच्या खोलीत झोपता?"

"हो."

"का इथे?"

"हो."

बाईंनी लिहायचं थांबवलं. मला म्हणाल्या, "मला हे यांच्याकडूनच कळायला हवं. लोक मी यायच्या दिवशी खाट हलवतात हो. मागच्याच महिन्यात एका घरी आजोबांना गोठ्यात झोपवलं होतं."

मी उंबऱ्याकडे बघत राहिले. तू ओळखतोस मला.

पण बाई उठल्या नाहीत. बसून राहिल्या. "सावकाश," म्हणाल्या. "मला घाई नाही. कुठे झोपता, काका?"

बाबांचा चेहरा लाल झाला. कपाळावर घाम. डावा हात खाटेवर आपटायला लागले. ओठ मिटायचे, उघडायचे, आवाज नाही. मला बघवेना. मग आला.

"मु..."

"हं."

"मुला... मुलाच्या."

पुढचं आलं नाही. त्यांनी भिंतीवर हात थापटला. मुलाच्या, आणि भिंत. मुलाच्या, आणि भिंत. तीनदा.

दादा, तू गेलास त्याला किती दिवस झाले ते मी मोजत नाही. पण तेव्हापासून या माणसाने तुझं नाव काढलेलं मी ऐकलेलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, मला मुलगा नाही. सगळ्या मजुरांसमोर तुझ्या थोबाडीत मारली, ती सुद्धा तू बांधलेल्या एका वाकड्या भिंतीपायी, त्याबद्दल पण कधी बोलले नाहीत. चांगलं बोलता येत होतं तेव्हा बोलले नाहीत. आणि आता शब्द आणायला विहिरीत उतरावं लागतं, तर उतरून हा आणला.

मला आधी आनंद झाला. पण क्षणभरच.

कारण बाई कागद मागे उलटून बघत होत्या. "मुलाच्या? फोनवर तर एकच मुलगी सांगितलं होतं."

मागच्या पत्रात मी लिहिलं, सगळं सांगितलं. तसं नव्हतं. घरात कोण कोण विचारल्यावर त्यांनी पुढे विचारलं होतं, रुग्णाला अजून कुणी मूल आहे का. मी म्हटलं, नाही, मी एकटीच. मला भीती वाटली की मोठा मुलगा आहे म्हटलं की म्हणतील, मग त्याला बोलवा, आम्ही कशाला. आणि तू पण लिहिलंच होतंस की काही सांगू नकोस. पण खरं सांगू? तुझ्या चिटोऱ्यामुळे नाही म्हटलं मी. सहज आलं तोंडात. इतकं सहज आलं की फोन ठेवल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

तर मावशीने तोंडावरचं बोट काढलं. "अहो, त्यांचं काय धरून बसता. झटक्यापासून काहीही बोलतात ते. शब्द इकडचे तिकडे होतात."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. "असं होतं खरं," म्हणाल्या. "होतं का त्यांचं तसं?"

मला फक्त मान हलवायची होती. बोलायचं पण नव्हतं, नुसती मान. मान हलवली असती तर त्यांनी पुढचं लिहिलं असतं आणि झालं असतं सगळं. मावशी डोळ्यांनी सांगत होती, हलव. आणि बाबा माझ्याकडे बघत होते. घाम तसाच होता कपाळावर. ते ऐकत होते की आपण आत्ता जे बोललो ते बोलणं होतं का बरळणं. ते मी ठरवणार होते.

"नाही," मी म्हटलं. आवाज पुन्हा फाटला. "ते बरोबर बोलले. ही मुलाचीच खोली आहे. मला भाऊ आहे. मी फोनवर खोटं सांगितलं."

मावशी वर छताकडे बघायला लागली.

बाबा म्हणाले, "हो." हा खरा हो होता. एवढ्या दिवसांत मला फरक कळायला लागलाय.

बाई ओरडल्या नाहीत. पेन बंद करून म्हणाल्या, "असं खोटं मला बरंच ऐकायला मिळतं. घाबरतात लोक." मग म्हणाल्या, झोपायची जागा मान्य. बाबा त्यांच्या जिल्ह्यातले. पण मोठा मुलगा आहे म्हटल्यावर त्याच्याशी बोलल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. तो येऊन राहणार असेल तर बोलणं शिकवणाऱ्या बाई येतील, पण आंघोळ घालायला, उठवायला-बसवायला माणूस मिळणार नाही, ते घरातल्यांनी करायचं. तो येणार नसेल तर दोन्ही मिळेल. आणि त्याच्याशी बोलणंच झालं नाही, तर सगळं तसंच पडून राहील. पडून म्हणजे किती दिवस, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही गं." असं सांगणं त्यांनाही आवडलं नव्हतं, पण सांगितलं.

मी त्यांना तुझा नंबर दिला. तुला न विचारता. आता विचारायचं पण नाही असं ठरवलंय.

त्या गेल्यावर मावशी मला म्हणाली, "शहाणे, तोंड उघडलंस ते पण नको तिथे." रागावली होती. पण जाताना बाबांना म्हणाली, "पोरगी तुमच्यावर गेली, सरळ रेघ सोडत नाही." संध्याकाळी बाबांना मी जेवायला घातलं तेव्हा त्यांनी दोनदा माझ्या फोनकडे बघितलं, जसं काही घड्याळात वेळ बघतायत. मी विचारलं, दादाचा फोन यायचाय का? तर भिंतीकडे तोंड केलं. सगळंच काही बदलत नाही रे एका शब्दाने.

आता कामाचं. पुढच्या आठवड्यात तुला फोन येईल. नंबर अनोळखी असेल. उचल. तू अनोळखी नंबर उचलत नाहीस हे मावशीने लावून बघितलंय, तरी उचल. मी एवढी बोलले, तर तू निदान ऐकू तरी शकतोस.

येणार की नाही ते तुझं तू बघ. मी ये म्हणणार नाही. आलास तर आंघोळ तुलाच घालावी लागेल, आणि ते सोपं नाही, ते साबण फेकतात. नाही आलास तर माणूस मिळेल. माझं दोन्हीत भागेल, हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. खरंच भागेल.

पण ते सगळं नंतर. त्या बाईंची पद्धत मी बघितलीये, त्या आधी ओळख विचारतात. तुलाही विचारतील, तुम्ही त्यांचे कोण. त्याचं उत्तर माझ्यासारखं देऊ नकोस. बाबांसारखं दे.

मूग